मृग ते मृग: सोलापूरचे ५२ आठवडे, ५२ फोटो

माळावरचा | १५ जून | आठवडा १

मंडळी, मागच्या महिन्यात मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "तुमच्या सोलापुरात बघायचं काय?" सिद्धेश्वर, भुईकोट, चादर एवढं सांगून मी थांबलो. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली आणि तीन शब्दांत गाव संपलं. ते मनाला लागून राहिलं. ८ तारखेला मृग लागला तेव्हा ठरवलं, या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत दर आठवड्याला एक फोटो काढायचा. फोटो त्याच आठवड्यातला हवा, जुन्या हार्ड डिस्कमधला नको. जागा घरापासून २५ किलोमीटरच्या आतली. रविवारी रात्री दहापर्यंत तो या धाग्यावर येणार, चांगला असो की नसो. माणसं, पाखरं, रस्ते, काहीही चालेल. ज्यांना यायचं त्यांनी सोबत या.

माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे, ७०-३०० लेन्स आहे आणि खिशात मोबाइल.

पहिला फोटो सिद्धेश्वर तलावाचा. मागे किल्ल्याचा बुरूज, पुढे पाण्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब आणि मधोमध एक काळा पक्षी, वारकरी. कपाळावर गंध लावल्यासारखा पांढरा टिळा असतो त्याच्या. पाऊस सुरू झाला तशी काठावरची सगळी माणसं पळाली, हा जागचा हलला नाही.

पुण्यातला_सोलापूरकर | १५ जून

दादा, बुरूज बघून पोटात कालवलं. एक विनंती आहे. कंबर तलाव घ्या ना एखाद्या आठवड्यात. धर्मवीर संभाजी तलाव हे नाव नंतर रुळलं, आम्ही अजून कंबर तलावच म्हणतो. लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून तिथली कमळं बघायला जायचो.

पाणवठा | १६ जून

उपक्रम आवडला. तीस वर्षं पक्षी बघत फिरलो आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. ५२ ठिकाणं शोधू नका. चार-पाच ठिकाणं धरा आणि तिथंच पुन्हा पुन्हा जा. पहिल्या फेरीत जागा दिसते, पाचव्या फेरीत तिथं राहणारे दिसतात. माळावर उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर लांब लेन्स काढूच नका. जमिनीतून झळा उठतात आणि फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. मग लोक लेन्सला दोष देत बसतात. गाडीतून उतरू नका, पाखरं माणसाला भितात तेवढी गाडीला भीत नाहीत. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं माझ्या लेखी खोटेपणा आहे. विणीच्या दिवसांत तर ते पापच.

माळावरचा | २० जुलै | आठवडा ६

या आठवड्यात कुठं जाता आलं नाही. फोटो गल्लीतलाच आहे, पाण्याच्या दिवसाचा. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये चार-पाच दिवस जातात. त्यामुळे पाण्याचा दिवस ही घरातली एक तिथीच असते. पहाटे साडेचारला अंगणाअंगणात मोटारी सुरू होतात, पिंपं, घागरी, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवली जातात. समोरच्या आजी नऊ प्लास्टिकच्या घागरी उतरत्या उंचीने मांडतात. तसंच का, हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. फोटो काढताना विचारलं. म्हणाल्या, "भरताना मोजावं लागत नाही."

माळावरचा | १० ऑगस्ट | आठवडा ९

नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महामुनींची रथयात्रा. गर्दीत रथाचा फोटो सगळेच काढतात. मी एका आजोबांच्या गळ्यातलं नवं जानवं आणि त्याखालचा जुना, धुऊन विरलेला बनियन घेतला.

साखरपेठ_माग | ११ ऑगस्ट

नमस्कार. ते आजोबा आमच्याच वाड्यातले आहेत, त्यांना फोटो दाखवला, खूश झाले. आम्ही पद्मशाली, विणकर समाज, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. आमचा सहा मागांचा कारखाना आहे. दादा, चादरीचा फोटो दुकानात काढू नका. कारखान्यात या, चहा माझ्याकडे.

माळावरचा | ७ सप्टेंबर | आठवडा १३

गेलो. तीन तास बसलो. १४० फोटो काढले, त्यातला एक ठेवला.

आधी आवाजाबद्दल सांगतो, कारण फोटोत तो येत नाही. सहा माग एकदम चालू असले की बोलणं शक्यच नसतं, हातवाऱ्यांनी काम चालतं. पण साखरपेठ_माग यांचे वडील पाठमोरे बसून कांड्या लावत होते, ते मध्येच उठले आणि तिसऱ्या मागाकडे गेले. ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला होता. मी त्या मागासमोरच उभा होतो, मला दिसला नव्हता. त्यांनी तो त्या खडखडाटात कानांनी ओळखला होता. चिमटीत दोन टोकं धरून गाठ मारली, माग सुरू केला आणि परत कांड्यांकडे गेले. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण कॅमेऱ्यातल्या वेळेवरून सांगतो, सगळं मिळून २० सेकंदसुद्धा लागले नसतील.

चादरीची नक्षी वरच्या जॅकार्डवर असते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकीला एक शिवून त्यांची माळ केलेली असते. एक पट्टी म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मयूरपंखाची चादर आपण पांघरतो तेव्हा अशा शेकडो पट्ट्यांचा हिशेब अंगावर असतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे माहीत होतं. एका धाग्याने मोर बिघडतो, हे त्या दिवशी कळलं.

कारखान्यात उजेड कमी. आयएसओ १६०० ठेवला, शटर १/१५ केला आणि कॅमेरा खांबाला टेकवला. आडवा धागा नेणारा धोटा नुसती पांढरी रेघ होऊन गेला, वडिलांचा हात मात्र स्थिर आला. कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात कापसाचं तूस तरंगताना दिसतं. ते तूस त्यांच्या भुवयांवरही आहे. फोटो मोठा करून बघा.

साखरपेठ_माग | ७ सप्टेंबर

बाबांना दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "याची मोठी प्रत मिळेल का?" चाळीस वर्षांत कामावर असतानाचा त्यांचा हा पहिला फोटो आहे. लग्नातले आहेत, देवाला गेलेले आहेत, मागावरचा एकही नव्हता.

नवाकॅमेरा | १२ ऑक्टोबर | आठवडा १८

मी पण टाकू का? कॉलेजला आहे, मोबाइलवरच काढते. कोजागरीला मैत्रिणींबरोबर चालत तुळजापूरला गेले होते. २५ किलोमीटरची अट आहे, म्हणून तेवढ्या टप्प्यातलाच टाकते. पहाटे तीन वाजता रस्त्याच्या कडेला झोपलेल्या बायकांचे तळवे. एकीच्या टाचेला चिकटपट्टी, दुसरीच्या पायात चांदीचं जोडवं.

पाणवठा | १२ ऑक्टोबर

बाळ, विचारायचं काय त्यात? टाकत जा. फक्त पुढच्या वेळी डिजिटल झूम न वापरता दोन पावलं पुढं जा.

माळावरचा | ३० नोव्हेंबर | आठवडा २५

नान्नजचा माळ, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यातला. पाणवठाकाकांचं ऐकून ऑगस्टपासून महिन्यातून दोनदा त्याच वाटेने जातोय, आजची आठवी फेरी. पहिल्या दोन फेऱ्यांत मला तिथं नुसतं गवत दिसलं होतं, खोटं कशाला सांगू.

आज सूर्य उगवायच्या आत पोचलो. कुसळी गवत दवाने वाकलेलं. काळविटांचा कळप दूर होता, नराची शिंगं तेवढी गवतावर दिसत होती. गाडी बंद करून बसलो. पाऊण तासाने समोरचं एक ढेकूळ उठलं आणि चालायला लागलं. लांडगा. तो तिथं आधीपासून होता की नंतर आला, मला सांगता येणार नाही. अंगाचा रंग अगदी वाळल्या गवताचा. त्याने एकदा मान वळवून गाडीकडे पाहिलं आणि आपल्या चालीने निघून गेला. धावला नाही. फोटोत तो चौकटीच्या एका कोपऱ्यात आहे, लहानसा. कापून मोठा करता आला असता, पण तो त्या माळावर तेवढाच दिसतो, म्हणून तसाच ठेवला.

दुसरा फोटो मोंटेग्यूच्या भोवत्याची, म्हणजे एका शिकारी पक्ष्याची मादी, गवतावरून अगदी खालून उडताना.

माळढोक दिसला नाही. आठ फेऱ्यांत एकदाही नाही.

पाणवठा | ३० नोव्हेंबर

मादी पुन्हा नीट बघा. गालामागे फिकट कंठा आहे आणि त्याच्या मागचा गडद पट्टाही स्पष्ट दिसतोय. मोंटेग्यूच्या मादीला असा कंठा नसतो. हा पॅलिड भोवत्या. चूक मोठी नाही, या माद्या भल्याभल्यांना चकवतात.

माळढोकाबद्दल लिहिलंत, वाचून गलबललो. अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते एकेकाळी ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आली, लोकांना स्वतःच्या जमिनीवर काही करता येईना आणि पक्ष्याबद्दल राग बसला. पुढे ते १,२२२ वर आणलं. पण मला खरं दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे. गवताळ माळ दिसला की आपल्याकडे त्याला पडीक म्हणतात. मग तिथं झाडं लावायची हौस येते. गिरिपुष्पाच्या रांगा बघितल्या असतील तुम्ही. माळढोकाला, धाविकाला, चंडोलाला लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. झाडं लावून आपण त्यांचं घर मोडतो आणि हिरवं केलं म्हणून समाधान मानतो. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं न करता. असा पक्षी किती चुका पोटात घालणार?

मी याच वाटेवर एका सकाळी नर फुललेला पाहिला आहे. गळ्याची पिशवी फुगवून पार पायांपर्यंत आणलेली. तेव्हा माझ्याकडे कॅमेरा नव्हता. आता कॅमेरा आहे.

माळावरचा | १ डिसेंबर

काका, ओळख दुरुस्त केली. पॅलिड भोवत्या. आभार.

माळावरचा | १८ जानेवारी | आठवडा ३२

गड्डा! म्हणजे सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा. तैलाभिषेक, अक्षता, होम, दारूकाम, चारही दिवस फिरलो. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ सकाळपासून जागा धरली होती. पांढऱ्या बाराबंद्यांचा समुद्र, त्यात सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, डोलत उभ्या, आणि संमती वाचन सुरू झालं तशी हजारो हातांनी एकदम अक्षता उधळली. लेन्सच्या पुढच्या काचेवर तांदूळ येऊन आपटल्याचा आवाज आला. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागलेल्या त्या कुंभारकन्येची गोष्ट आजीकडून ऐकली होती, ती त्या क्षणी गळ्याशी आली आणि दोन मिनिटं मी कॅमेरा खालीच धरला होता.

निवडलेला फोटो त्याच्या तासभर आधीचा आहे. एका मानकऱ्याने काठी दुसऱ्याच्या हाती सोपवली, तो क्षण. चार हात, दोघांचे डोळे वर काठीच्या टोकाकडे, दोघंही श्वास धरलेले.

नवाकॅमेरा | १८ जानेवारी

दारूकामाचे फोटो माझे सगळे पांढरेफटक आले. काय चुकलं?

माळावरचा | १९ जानेवारी

मोबाइलने आपोआप उजेड वाढवला असणार. मॅन्युअल मोडवर आयएसओ १०० कर, तीन-चार सेकंदांचा शटर ठेव आणि मोबाइल कशावर तरी घट्ट टेकव. कॅमेरा असेल तर एफ ११ आणि तिपाई. सुरुवातीलाच काढून घे, नंतर धूर साचतो.

माळावरचा | १५ फेब्रुवारी | आठवडा ३६

नान्नजच्या वाटेवरचं ज्वारीचं शिवार आणि भोरड्यांचा थवा. संध्याकाळी पावणेसहाला थवा वळला की आधी काळा ढग दिसतो, पुढच्या क्षणी सगळ्या पाठी गुलाबी होतात. शटर १/२०००. शेतात मचाणावर एक मुलगा गोफण घेऊन उभा होता, त्याच्यासह घेतला.

मोहोळची_लेक | १६ फेब्रुवारी

फोटो लई देखणा आलाय दादा, पण माझ्या आईला दाखवला तर ती म्हणाली, "बंद कर ते." आमची मालदांडी ज्वारी आहे चार एकर. ही मालदांडी ३५-१ आमच्या मोहोळच्याच संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. दाणा भरला की भोरड्या येतात आणि एका सकाळीत कणसं रिकामी करून जातात. लहानपणी जानेवारीत माझी शाळा बुडायची ती ह्यांच्यापायीच. पहाटे माळ्यावर चढायचं, डबा वाजवायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं. हात गारठलेले असायचे, आई खालून हुरड्याची गरम कणसं वर द्यायची, ती मुठीत धरून हात शेकायचे.

पण एक सांगते. ज्वारी निघाली की ह्याच भोरड्या पळसावर, पांगाऱ्यावर येतात, चोची परागांनी पिवळ्या झालेल्या असतात. नाकतोडे पण खातात. माझे आजोबा म्हणायचे, त्यांचा वाटा असतो. आईला मात्र ते कधी पटलं नाही. राबणारी तीच होती ना.

माळावरचा | २२ मार्च | आठवडा ४१

तापाने झोपून होतो. खिडकीतून साळुंकी. एवढंच.

माळावरचा | ३ मे | आठवडा ४७

मंडळी, जुळे सोलापुरात आमच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर टिटवीची चार अंडी सापडली! मुरमाच्या खड्यांमध्ये, टोकं आत करून ठेवलेली, खडे कोणते आणि अंडी कोणती ते कळत नाही. दुपारी साडेबाराला गेलो, म्हणजे सावली पडू नये. जमिनीवर पालथा पडून अगदी जवळून काढला. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती, तीही मागे चौकटीत आली आहे. अर्धा तास लागला, पण वर्षातला सर्वांत चांगला फोटो मिळाला असं वाटतंय.

पाणवठा | ३ मे

हा फोटो काढून टाका. आत्ता.

पारा ४३ वर आहे. मुरूम त्याहून किती तरी जास्त तापतो. या दिवसांत टिटवी अंडी उबवायला बसत नाही, त्यांना गार ठेवायला बसते. पंख सैल सोडून सावली धरते. पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. तुम्ही तिला अर्धा तास वर ठेवलंत, भर दुपारी. आतला जीव शिजायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय जागेचं नाव लिहिलंत, उद्या आणखी चौघं मोबाइल घेऊन जातील.

माळावरचा | ३ मे

काढला. जागेचा उल्लेख असलेली ओळही पुसायला संपादकांना कळवलं आहे. काका, मला हे माहीत नव्हतं. पण ती डोक्यावर ओरडत होती, ते तर ऐकू येत होतं. मी त्याचाच फोटो काढत होतो. या आठवड्याची जागा रिकामी राहू दे.

मोहोळची_लेक | ४ मे

दादा, जीवाला लावून घेऊ नका. आमच्याकडे टिटवीची अंडी दिसली तर नांगर वळवतात, तेवढा तुकडा सोडतात. बांधावर उंच घातली की पाऊस जास्त, असं म्हातारी माणसं अजून बघतात. प्लॉटच्या जवळ कुणी राहत असेल तर लांबवर पाणी ठेवायला सांगा. उथळ भांडं, परात चालेल. भरायला मात्र कलत्या उन्हात जायचं, आणि तुम्ही स्वतः नका जाऊ. तिने तुम्हाला ओळखून ठेवलं असेल.

माळावरचा | २४ मे | आठवडा ५०

दोन आठवडे तिकडे फिरकलो नाही. मागच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या आठवड्यातल्या आजींची बहीण राहते. त्यांनी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला जुनी परात ठेवली आहे, रोज संध्याकाळी भरतात. आज त्यांच्या गच्चीवरून, पत्र्याच्या आडोशाने, सकाळी सातला बघितलं. ७०-३०० तिथून अपुरी पडते. फोटोत टिटवी नखाएवढी आहे.

तरी तोच टाकतोय. रस्त्यावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाण्याच्या दिवशी डबकं साचतं. आज पाण्याचा दिवस होता. ती पळत डबक्याशी गेली, पाय दुमडले, पोट पाण्यात टेकवून चार-पाचदा हलली, उठली आणि पळत परत. बसताना पोटाची पिसं चिकटून खाली लोंबत होती. बसली, सरकली, पुन्हा बसली. मी आयुष्यभर पाण्याच्या दिवसाला उठतोय. त्या दिवसाची वाट आणखी कुणी बघत असेल, हे मनातही आलं नव्हतं.

साखरपेठ_माग | २४ मे

वाचून बाबांनी कारखान्याच्या दारात पाण्याचं मडकं ठेवलं. चिमण्या येतायत.

नवाकॅमेरा | ३१ मे

दादा, अंड्यांचं काय झालं?

माळावरचा | ७ जून | आठवडा ५२

मंगळवारी दोन पिल्लं निघाली. आजींनी गच्चीवरून पाहिली, मला फोन केला. मी पोचेपर्यंत ती आईच्या मागं गवतात गेली होती, कापसाच्या बोळ्यांना काड्यांचे पाय लावल्यासारखी. उरलेली दोन अंडी तिथंच आहेत. काल टिटवी पिल्लांना घेऊन दुसरीकडे निघून गेली, तेव्हा अंडी जवळून पाहिली. ती उघडणार नाहीत. काका, त्या अर्ध्या तासाने गेली का, असं तुम्हाला विचारणार होतो. विचारत नाही.

शेवटचा फोटो पिल्लांचा नाही. परातीचा आहे. काठावर ओल्या पायांचे तीन बोटांचे ठसे आहेत, उन्हात वाळत चाललेले. काढला तेव्हा चार होते, मोबाइल खिशात घालेपर्यंत दोन उरले.

पाणवठा | ७ जून

अंडी आधीच वांझ असू शकतात, चारही फुटतात असं दरवेळी होत नाही. मला माहीत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही. पुढच्या वर्षी माझ्याबरोबर नान्नजला चला. आठ फेऱ्या कमी आहेत.

नवाकॅमेरा | ७ जून

मी नवीन धागा काढू का? उद्या मृग लागतोय.

माळावरचा | ७ जून

काढ. उद्या आमच्याकडे पाण्याचाही दिवस आहे, मी साडेचारला उठलेला असेन. पहिला फोटो तू टाक.